पदपथ कोणाचा? पादचारी, सायकलस्वार आणि रत्नागिरीचा उतार

रस्ता ही सर्वांची मालमत्ता आहे, असे आपण नेहमी म्हणतो. मात्र त्या मालमत्तेतील कोणता पट्टा कोणाच्या वाट्याचा, असा प्रश्न निघाला की उत्तर देणारे थोडे आणि भांडणारे फार, असा अनुभव येतो. मोटारी व मालमोटारी यांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. त्यांच्यासाठी परवाना आहे, नोंदणी आहे, वाहतूक पोलीस आहे. खरी अडचण निर्माण होते ती रस्त्याच्या कडेच्या अरुंद पदपथावर. तेथे पायी चालणारा आणि सायकलवरून जाणारा, असे रहदारीतील दोन दुबळे घटक समोरासमोर येतात आणि एकमेकांना दोष देतात.

माझ्या शेजारी राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी भाजी घेऊन घरी परतत होत्या. रस्ता उताराचा होता आणि त्या पदपथावरूनच चालल्या होत्या. त्याच वेळी शाळेला निघालेला नववीतील एक मुलगा सायकलवरून मागून आला. त्याच्या बाजूने एक डंपर कडेला घासून चालला होता, म्हणून पदपथ जेथे रस्त्याच्या पातळीला उतरतो तेथून त्याने सायकल वर घेतली. घंटी त्याने वाजविली होती; परंतु बाईंना कमी ऐकू येते. त्या पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करावी लागली. दुसऱ्या दिवशी मुलगा वडिलांसह रुग्णालयात आला. वडील खाली मान घालून म्हणाले, "बाई, चूक त्याचीच आहे. पण तो रस्त्यानं गेला असता, तर मला कदाचित त्याच्यासाठी इथं यावं लागलं असतं." बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "तेही खरंच. पण मग मी कुठून चालायचं, ते सांगा."

या दोन वाक्यांत संपूर्ण प्रश्न सामावला आहे. मुलगा बेफिकीर होता असे म्हणून हात झटकता येत नाहीत, आणि बाईंनी जपून चालावयास हवे होते असे म्हणण्याचे धाडस तर कोणी करू नये. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार रत्नागिरीसारख्या चढउताराच्या नगराच्या आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींच्या अनुषंगाने करावयाचा आहे.

उताराचे गाव

रत्नागिरी शहराची जमीन मारुती मंदिराकडून जयस्तंभाकडे, तेथून बसस्थानक, रामआळी, गोखले नाका या मार्गाने मांडवीच्या समुद्राकडे उतरत जाते. जुनी वस्ती आळ्यांची आहे. टिळक आळी, रामआळी ही नावेच सांगतात की, घरे आधी झाली आणि दोन घरांच्या ओळींमध्ये जी जागा उरली तिला रस्ता म्हटले गेले. त्या काळी मालाची ने-आण गलबतांतून, बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून होत असे. चाकांसाठी म्हणून वाटा आखलेल्याच नव्हत्या. पुढे मोटारी आल्या, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, कुवारबाव, नाचणे, शिरगाव, मिरजोळे, खेडशी या लगतच्या गावांत वस्ती पसरली. मूळच्या आळ्या मात्र होत्या तेवढ्याच रुंद राहिल्या.

अशा गावात सायकल पठारी प्रदेशाप्रमाणे सर्रास चालत नाही. पुण्यासारख्या शहरात एके काळी सायकल हेच मध्यमवर्गाचे वाहन होते. रत्नागिरीत ती मुख्यतः शाळकरी मुलांची, वर्तमानपत्रे व दूध टाकणाऱ्यांची, कारखान्यात कामाला जाणाऱ्यांची आणि अलीकडे व्यायामासाठी पहाटे निघणाऱ्या हौशी मंडळींची. परंतु उतारामुळे येथे एक गोष्ट स्पष्टपणे नजरेस येते, ती सपाट शहरात दिसत नाही. सकाळी शाळेकडे जाताना जो मुलगा उतारावर सुसाट सायकलस्वार असतो, तोच दुपारी परतताना चढावर सायकल हातात धरून पायी चालत असतो. म्हणजे दिवसाच्या पूर्वार्धात तो ज्या पदपथाचा उपद्रव ठरतो, त्याच पदपथाची उत्तरार्धात त्याला गरज लागते. पादचारी आणि सायकलस्वार हे दोन निराळे पक्ष आहेत, या समजुतीला रत्नागिरीचा चढच उत्तर देतो.

जाता जाता भाषेविषयी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. सायकलीला आपल्याकडे पूर्वी पायगाडी म्हणत. दुचाकी हा शब्दही मूळचा तिचाच. पुढे तो स्कूटर आणि मोटारसायकलीने बळकावला. पदपथावरही काहीसा असाच प्रकार झाला आहे. पायांसाठी राखलेल्या जागेवर आधी सायकल चढली, आणि तिच्या मागोमाग इंजिनाची दुचाकी येऊन उभी राहिली.

पाखाडी : कोकणचा स्वतःचा पदपथ

पदपथ ही कल्पना शहरांकडून आली, असे समजण्याचे कारण नाही. कोकणात तिचे फार जुने आणि अस्सल रूप आहे, ते म्हणजे पाखाडी. जांभ्याचे चिरे बसवून केलेली, जागोजागी पायऱ्या असलेली, दोन्ही बाजूंना गडगे असलेली ही वाट वाडीला वाडीशी, देवळाला वहाळाशी आणि घराला रस्त्याशी जोडते. तिच्या बांधणीत जो विचार आहे तो कोणत्याही अभियंत्याने पाहून घ्यावा. डोक्यावर भारा घेतलेला माणूस वर येत असता समोरून येणाऱ्याला बाजूस उभे राहता येईल एवढी रुंदी असते. पायरी फार उंच नसते, कारण तिच्यावरून गुरेही चढतात. पाणी पाखाडीवरून न वाहता कडेने वाहून जावे असा हलका कल दिलेला असतो. ज्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे हा कल दिला नाही तर चिऱ्यांवर शेवाळ धरते आणि चालणारा घसरतो, हे बांधणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

पाखाडीवर सायकलस्वार आणि पादचारी यांचे भांडण कधी झाले नाही. याचे कारण तेथे फलक लावलेला होता किंवा पोलीस उभा होता हे नव्हे. पायरी आली की सायकलवाल्याला उतरावेच लागे. नियम वाटेच्या घडणीतच होता.

आता मात्र हेही चित्र पालटू लागले आहे. ग्रामपंचायतींकडे येणाऱ्या मागण्यांत पाखाडीचे काम आजही आवर्जून असते, पण मागणीचा रोख बदलला आहे. मोटारसायकल थेट अंगणात यावी म्हणून पायऱ्या काढून तेथे सिमेंटचा उतार करून द्यावा, असा आग्रह अनेक वाड्यांत धरला जातो. ही मागणी गैर म्हणता येत नाही. आजारी माणसाला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणण्याचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना चाक दारापर्यंत यावे असे वाटणारच. परंतु सरसकट उतार केला की पावसाळ्यात त्यावर वृद्धांचा पाय ठरत नाही, आणि जी वाट केवळ चालणाऱ्यांची होती तीवर मागून येणारे वाहन ऐकण्यासाठी कान टवकारून चालावे लागते. पाखाडी रुंद असेल तेथे एका बाजूला पायऱ्या व कठडा आणि दुसऱ्या बाजूला खरबरीत पृष्ठभागाचा उतार, असे काम करता येते. अरुंद असेल तेथे पायऱ्या तशाच ठेवून कडेने वीतभर रुंदीची सपाट पट्टी काढली, तर सायकल किंवा मोटारसायकल तिच्यावरून ढकलीत नेता येते. परदेशांत रेल्वे स्थानकांच्या जिन्यांना अशा पट्ट्या सर्रास असतात. खर्च थोडा येतो. मात्र अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी हे सुचवावे लागते, नंतर नव्हे.

कायद्याची स्थिती

पदपथावर सायकल चालविणे हा गुन्हा आहे काय, असा प्रश्न शिक्षकांकडून वारंवार विचारला जातो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा नावाप्रमाणे मोटार वाहनांचा कायदा असल्याने साध्या सायकलीला तो वाहन म्हणून लागू होत नाही. सायकलीला परवाना लागत नाही तो यामुळेच. परंतु म्हणून सायकल कायद्याच्या कक्षेबाहेर आहे असे नव्हे. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमात (आता त्याचे नाव महाराष्ट्र पोलीस अधिनियम असे आहे) कलम १०३ पदपथाच्या अडथळ्याविषयी आहे. पदपथावर कोणतेही जनावर किंवा वाहन चालविणे अथवा तेथे ठेवून देणे या कलमाने मना केले आहे. अपवाद एकच, तो म्हणजे लहान मुलाची बाबागाडी. या कलमाची भाषा वाचताना लक्षात येते की, ते सायकलस्वाराला जेवढे लागू आहे तेवढेच, किंबहुना त्याहून अधिक वेळा, दुकानासमोर पदपथावर उभ्या केलेल्या स्कूटरला लागू आहे. आपण सायकलच्या घंटीने चिडतो, कारण ती हलते. उभ्या स्कूटरला वळसा घालण्याची मात्र आपल्याला सवय होऊन गेली आहे.

जुन्या पिढीला सायकलवरील कर आठवत असेल. नगरपालिका सायकलीसाठी पत्र्याचा बिल्ला देत. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा मागे कोणाला बसविले तर दंड होई. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातही पंचायतींना लावता येणाऱ्या करांच्या यादीत सायकलीवरील कराचा समावेश होता. उत्पन्न नगण्य असल्याने हे बिल्ले बहुतेक ठिकाणी नाहीसे झाले. त्यांचे पुनरुज्जीवन करावे असे कोणी सुचविणार नाही. तथापि त्या निमित्ताने सायकलस्वाराला आपणही रहदारीचा घटक आहोत याची जाणीव राहत असे, ती पुसट झाली हे मान्य करावयास हवे.

आजची कायदेशीर परिस्थिती अधिक महत्त्वाची आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये (१क) हे पोटकलम घालण्यात आले. त्यान्वये बिगरयांत्रिक वाहने व पादचारी यांच्या सार्वजनिक ठिकाणांवरील वावराचे, रस्ता सुरक्षेच्या दृष्टीने, नियमन करणारे नियम करण्याचा अधिकार राज्य शासनांना मिळाला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, अडथळामुक्त व अपंगांनाही वापरता येईल असा पदपथ मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने उपरोक्त कलमाखालील नियम, तसेच राष्ट्रीय महामार्ग सोडून अन्य रस्त्यांच्या रचनेविषयीचे कलम २१०घ खालील नियम, सहा महिन्यांच्या आत करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. पदपथ ही नगरपालिकेची मेहेरबानी नसून नागरिकाचा हक्क आहे, हे आता निःसंदिग्धपणे ठरले आहे. या हक्काची निकड किती आहे याची कल्पना एका आकड्यावरून यावी. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. यांतील बहुतेकांचे प्राण मोटार वाहनांनी घेतले आहेत, सायकलींनी नव्हे, हे विसरता कामा नये. पदपथावर सायकल आणणाऱ्या मुलाला जी भीती वाटते, ती या आकड्याची भीती आहे.

वर्गात शिकविता येईल असे गणित

तरीही सायकल निरुपद्रवी आहे असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. शिक्षकांनी वर्गात एक साधे गणित करून दाखवावे. माणूस ताशी सुमारे ५ किलोमीटर वेगाने चालतो. उतारावर सायकल सहज ताशी २० किलोमीटर जाते, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटरपेक्षा थोडी अधिक. समोर कोणी आल्याचे पाहून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यात सायकल साडेपाच मीटर पुढे गेलेली असते, आणि थांबणे त्यानंतर सुरू होते. पावसाने चाकाची धाव ओली झाली असेल तर रबराचा ब्रेक लवकर धरत नाही. दुकानाच्या पायरीवरून पदपथावर उतरणाऱ्या माणसाला एवढे अंतर मिळत नाही. वेग चौपट झाला की आघाताची शक्ती चौपट नव्हे, सोळापट होते, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विज्ञानाच्या पुस्तकातील सूत्रावरून पडताळता येईल. तरुण माणूस अशा धक्क्याने खरचटून उठतो. सत्तरीच्या बाईंचा खुबा मोडतो.

यात विजेवरच्या सायकलींची भर पडली आहे. २५० वॅटपर्यंतची मोटार असलेल्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा वेगाने न जाणाऱ्या अशा वाहनांना, ठरावीक अटींवर, नोंदणी व परवाना लागत नाही. सायकल चढावर ढकलीत न्यावी लागे म्हणून ती निदान तेथे तरी पायी चालणाऱ्याच्या गतीने जाई. विजेची सायकल चढावरही त्याच वेगाने येते आणि आवाज जवळपास करीत नाही. रत्नागिरीसारख्या गावाला या वाहनाचा मोठा उपयोग आहे, पण पदपथावर त्याला मुळीच स्थान असू नये.

रुंदीचेही गणित आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर निदान १.८ मीटर रुंदीचा मोकळा पट्टा असावा आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. सायकलचे हँडल आणि तोल सांभाळताना होणारे हेलकावे मिळून जवळजवळ एक मीटर जागा जाते. कोकणात जून ते सप्टेंबर प्रत्येक पादचाऱ्याच्या डोक्यावर छत्री असते, आणि उघडी छत्री मीटरभर जागा घेते. दोन छत्र्या एकमेकींना ओलांडताना एकीला कलावे लागते, हे आपण सारे जाणतो. ज्यांनी १.८ मीटरचे मान ठरविले त्यांना कोकणचा पाऊस ठाऊक नसावा. अशा पट्ट्यात सायकलीला जागा नाही, हे सिद्ध करण्यास निराळ्या पुराव्याची गरज नाही.

सायकल रस्ता का सोडते?

कोणताही सायकलस्वार हौसेने पदपथावर चढत नाही. पदपथावर विजेचे खांब असतात, झाडांची आळी असतात, मासे, भाजी, हंगामात आंबे व फणस घेऊन बसलेल्या बाया असतात (त्यांची योग्य सोय २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाखाली करावयाची आहे, तो स्वतंत्र विषय होय). सायकलला तेथे वेग घेता येत नाही. तरीही तो चढतो, कारण त्याची हक्काची जागा, म्हणजे रस्त्याची डावी कड, त्याच्यासाठी उरलेली नसते.

ही कड कशी नाहीशी होते ते पाहण्यासारखे आहे. डांबराचा थर दर काही वर्षांनी चढतो, साईडपट्टी मात्र तशीच राहते. परिणामी कडेला चार-सहा बोटांची पायरी तयार होते. मालमोटारीला ती जाणवत नाही. सायकलचे चाक एकदा खाली उतरले की पुन्हा वर येताना तोल जातो. पावसाच्या पाण्यासाठी बसविलेल्या लोखंडी जाळ्यांचे गज रस्त्याच्या दिशेला समांतर असतील तर त्यांत सायकलचे चाक अडकते. ते आडवे असावयास हवेत. बसविणाऱ्याला दोन्ही सारखेच. शिवाय पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरतात आणि त्यांची खोली कळत नाही. कडेला मोटारी उभ्या असतील तर दार अचानक उघडण्याचा धोका वेगळाच. या साऱ्यांतून वाट काढताना मागून भोंगा वाजला, की पोर पदपथाचा आसरा घेते.

दुसऱ्या बाजूने पादचारीही पदपथ सोडून रस्त्यावर उतरतो, त्याची कारणे अशीच आहेत. आपल्याकडील अनेक ठिकाणी पदपथ म्हणजे गटारावरच्या लाद्या होत. एक लादी हलू लागली, दुसरी मोडली, तिसरी साफसफाईसाठी उचलली ती परत बसलीच नाही, की चालणारा रस्त्यावर येतो. मग पदपथ रिकामा दिसतो, आणि रिकामा दिसला म्हणजे सायकल वर चढते. एका लादीपासून हे सारे सुरू होते.

इतरांनी काय केले?

जपानचे उदाहरण या बाबतीत विशेष बोधप्रद आहे. १९७० साली त्या देशात रस्ते अपघातांत १६,७६५ माणसे मेली. मोटारींपासून सायकलस्वारांना वाचविण्यासाठी त्या दशकात ठरावीक पदपथांवर सायकलींना मुभा देण्यात आली. उपाय तातडीचा होता, पण तो कायमचा झाला. सायकलस्वारांना पदपथ आपलाच वाटू लागला आणि पादचारी त्रासले. २००८ पासून तेथील नियमाचा रोख असा आहे की, सायकलने मूलतः रस्त्यावरूनच जावे. तेरा वर्षांखालील मुले व सत्तरी गाठलेले वृद्ध यांना सवलत असावी, आणि इतरांनी केवळ निरुपाय असेल तेव्हा, रस्त्याच्या बाजूने, सावकाश जावे.

त्याच २००८ साली कोबे शहरात ११ वर्षांचा एक मुलगा संध्याकाळी उतारावरून सायकलने येत असता पायी चालणाऱ्या एका स्त्रीवर आदळला. ती शुद्धीवर आली नाही. २०१३ मध्ये तेथील न्यायालयाने मुलाच्या आईला सुमारे ९ कोटी ५० लाख येन भरपाई देण्याचा आदेश दिला. मुलाला नीट समज देण्याची जबाबदारी पालकाची होती, असा त्यामागील आशय होता. या निकालानंतर ह्योगो प्रांताने २०१५ साली सायकलस्वारांना विमा सक्तीचा केला. उतारावरची सायकल ही किरकोळ बाब नव्हे, हे समजण्यास एका कुटुंबाला आणि एका प्रांताला एवढी किंमत मोजावी लागली.

इंग्लंडमध्ये पदपथावर गाडी हाकण्यास १८३५ च्या महामार्ग कायद्याने बंदी आहे. १८८८ मध्ये सायकल ही गाडीच होय असे ठरल्याने ती बंदी तिलाही लागली. जर्मनीने वयाचा विचार केला आहे. तेथे आठ वर्षांखालील मुलांनी पदपथावरूनच सायकल चालवावयाची असते आणि दहा वर्षांपर्यंत तशी मुभा असते; त्यानंतर रस्ता किंवा सायकलमार्ग. हा भेद मला व्यक्तिशः फार शहाणपणाचा वाटतो. दुसरीतील मुलीला डंपरच्या शेजारी सोडणे आणि नववीतील मुलाला पदपथावर सुसाट सोडणे, या दोन्ही चुका टाळता येतात.

आपल्या राज्यात पुणे महानगरपालिकेने २०१७ साली सायकल आराखडा स्वीकारला आणि काही मोठ्या रस्त्यांवर पदपथाला लागून सायकलमार्ग केले. तेथील अनुभव असा की, पदपथ आणि सायकलमार्ग एकाच पातळीवर, केवळ रंगाने वेगळे केले, तर दोघेही एकमेकांच्या पट्ट्यात शिरतात. आणि मोटारसायकली अडविण्यासाठी खुंट रोवले तर चाकाच्या खुर्चीवरील अपंगाचीही वाट बंद होते. मोठ्या महानगराला जे साधण्यास कष्ट पडतात ते रामआळीत साधेल, असे मानण्यात अर्थ नाही. आपल्या आळ्यांत स्वतंत्र सायकलमार्गाला जागा नाही.

जागा नाही, तर काय?

जागा नसेल तेथे वेग कमी करणे, हा एकच प्रामाणिक उपाय उरतो. मोटारीचा वेग सायकलच्या वेगाइतका उतरला की सायकल रस्त्यावर राहू शकते, आणि सायकल रस्त्यावर राहिली की पदपथ मोकळा होतो. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी अवजड वाहनांना शाळेच्या रस्त्यावर मनाई, आळीच्या तोंडाशी उंचवटा, आणि चौकापासून काही अंतरापर्यंत वाहने उभी करण्यास बंदी, या गोष्टी नगरपरिषद आणि पोलीस यांनी एकत्र बसून ठरवावयाच्या आहेत. त्यांना निधी फारसा लागत नाही. तक्रारी सोसण्याची तयारी लागते. व्यापारी मंडळी प्रथम विरोध करतील, हे गृहीत धरूनच बैठक बोलवावी.

शहराच्या हद्दीबाहेर जबाबदारी विभागली जाते, आणि तेथेच काम अडते. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रमुख जिल्हा मार्ग व राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. सायकलवरून शाळेत जाणारी मुलगी मात्र एकाच फेरीत या सर्वांच्या हद्दी ओलांडते. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातून शाळेपर्यंतचा रस्ता एकदा स्वतः पायी चालून पाहावा आणि साईडपट्टी कोठे खचली आहे, मोरीचा कठडा कोठे नाही, लादी कोठे उचलली आहे, याची टिपणे ठिकाणासह करावीत. "रस्ता खराब आहे" या तक्रारीवर काही होत नाही; "अमुक मोरीजवळ वीस मीटर साईडपट्टी एक वीत खाली आहे" या तक्रारीवर होते, असा माझा नोकरीतील अनुभव आहे.

शाळांमध्ये आर. एस. पी.ची पथके आहेत. संचलनाबरोबरच त्यांच्याकडून प्रत्यक्ष उतारावर सायकल थांबवून दाखविण्याचे पाठ घ्यावेत: कोरड्या दिवशी एकदा आणि पावसात एकदा, खडूने रेघ आखून. रेघेच्या किती पुढे आपण गेलो, हे मुलाने एकदा स्वतः मोजले की उपदेशाची आवश्यकता राहत नाही. पदपथावरून जाणे भागच पडले तर उतरून, सायकल हातात धरून जावे. आणि घंटी ही विनंती आहे, बाजूला होण्याचा हुकूम नव्हे, हेही तेव्हाच सांगावे. पादचाऱ्यांच्या एका जुन्या सवयीचीही दुरुस्ती करावयास हवी. जेथे पदपथ नाही, तेथे रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. "डावीकडून चाला" हे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी घोकले आहे. ते वाहनांसाठी खरे आहे, पायांसाठी नव्हे.

बाई आता काठी घेऊन पुन्हा बाजाराला जातात. तो मुलगा दहावीत गेला आहे आणि सायकलनेच शाळेला जातो. त्याच्या वडिलांनी ब्रेकचे रबर बदलून घेतले. पदपथाचे सखल तोंड आणि त्यापुढची हलणारी लादी मात्र अद्याप तशीच आहे. ती लादी बदलणे हे दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

ग्रामपंचायतींच्या बाबतीत वेळापत्रक लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पाखाडीच्या पायऱ्या, कठडा, गटाराची झाकणे व साईडपट्टी यांची मागणी ठिकाणासह नोंदविली गेली, तर ती पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेता येते. चिरे बसविण्याचे काम पावसात होत नाही. मेअखेरपर्यंत ते झाले नाही, तर पुढचा संपूर्ण पावसाळा लोक त्याच वाटेने चालतात.